विसरायला लागलेल्या माणसासाठी गाणी: पाच हजार नकोत, पंधरा पुरतात, पण ती नीट शोधा

आईला किंवा आजोबांना डिमेन्शिया आहे असं कळलं की कोणीतरी सांगतंच, "त्यांना जुनी गाणी लावून द्या, बरं वाटतं." सल्ला चुकीचा नाहीये. पण मग घरोघरी काय होतं, तर जुन्या रेडिओसारखं दिसणारं, हजारो गाणी भरलेलं एखादं यंत्र आणलं जातं, सकाळी चालू करतात, रात्री बंद करतात, आणि महिनाभराने म्हणतात काही फरक नाही, उलट चिडचिड वाढली. अहो वाढणारच! दिवसभर कानाशी कोणीतरी तिसऱ्यानेच निवडलेली गाणी वाजत राहिली तर धडधाकट माणूसही वैतागेल, आणि इथे तर समोरच्याला "बंद कर रे ते" एवढंही धड सांगता येत नाही.

जुनं गाणं वेगळं आणि त्यांचं गाणं वेगळं. सगळी मेहनत त्या फरकावर घ्यायची आहे.

ओळखीचं गाणं मेंदूच्या ज्या भागांत साठलेलं असतं ते भाग अल्झायमरमध्ये (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) बऱ्यापैकी उशिरापर्यंत टिकतात, जर्मनीत लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५ मध्ये स्कॅनवरून हे मांडलं होतं, त्यामुळे नातवाचं नाव न आठवणारी आजी अख्खी आरती न चुकता म्हणते यात चमत्कार वगैरे काही नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, गाण्याने आजार थांबत नाही, गेलेली आठवण परत येत नाही, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. मिळतं ते एवढंच की आंघोळ भांडण न होता उरकते, संध्याकाळचा तासभर शांत जातो, कधीतरी दोन शब्द जास्त बोलणं होतं. ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना विचारा हे किती मोठं असतं.

१. आधी कान, मग गाणी

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, त्यामुळे शब्द स्पष्ट कळत नाहीत, नुसती गुणगुण ऐकू येते. त्यात कानात मळ साठलेला असेल तर बघायलाच नको. म्हणून कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून मळ काढून घ्या, ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं त्याची तपासणी) करा, आणि कानाचं मशीन असेल तर त्याची बॅटरी खरंच चालू आहे ना ते बघा (अर्ध्या घरांत ती संपलेली असते).

सावध: ऐकू कमी येतंय म्हणून आवाज वाढवत जाऊ नका. म्हाताऱ्या कानांचं असं असतं की हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम बोचायला लागतो. मधली जागा फार छोटी असते. साधी खूण म्हणजे गाणं चालू असताना तुम्ही नेहमीच्या आवाजात बोललात तर ते त्यांना कळायला हवं.

हेडफोन शक्यतो नकोच. कानाच्या मशीनवर हेडफोन चढवला की शिट्टी वाजते, आणि डोक्यावर अचानक काहीतरी घट्ट बसवलं की कित्येक जण घाबरतात, उपटून फेकून देतात. छोटा स्पीकर, त्यांच्यापासून हातभर लांब, समोर, जिथून आवाज येतोय ते दिसेल असा.

२. वर्षांची पट्टी काढा

माणसाच्या मनात सगळ्यात घट्ट बसलेली गाणी साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंतची असतात. कागद घ्या, जन्मसाल लिहा, त्यात १० मिळवा आणि २५ मिळवा. ही तुमची पट्टी.

समजा जन्म १९४४ चा. पट्टी झाली १९५४ ते १९६९. म्हणजे पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये गीतरामायण दर आठवड्याला लागत होतं तेव्हा वय अकरा-बारा, विविध भारती सुरू झाली १९५७ ला तेव्हा तेरा, आणि दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला ऐकायला ज्यांच्याकडे रेडिओ असेल त्यांच्या ओटीवर गर्दी, ती ह्याच वयात. जन्म १९५५ चा असेल तर पट्टी १९६५ ते १९८०, मुंबई दूरदर्शन १९७२ ला आलं ते ह्यात बसतं, म्हणजे कान वेगळे आणि गाणीही वेगळी.

इथे मुलांची नेहमीची चूक म्हणजे मुलं स्वतःच्या लहानपणची गाणी भरतात! "आई स्वयंपाक करताना हेच ऐकायची" म्हणून ८५-९० सालच्या कॅसेटची गाणी. ऐकायची ती खरंच, पण तेव्हा ती चाळिशीची होती. अशी दोन-तीन असू द्या, पण पाया म्हणून नकोत.

३. घरातून माहिती काढा (सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या)

पेशंटला थेट विचारू नका, "बाबा, तुमचं आवडतं गाणं कुठलं?" हा प्रश्न डिमेन्शिया नसलेल्यालाही अडवतो. त्यांना उत्तर येत नाही, मग कानकोंडं होतं, मग राग येतो. विचारायचं ते बाकीच्यांना. मावशी, आत्या, धाकटे काका, जुने शेजारी, गावाकडचे कोणी. फोन लावा आणि गाण्याबद्दल विचारण्याऐवजी जागांबद्दल विचारा:

- घरात सकाळी पहिलं काय कानावर पडायचं? रेडिओ, काकड आरती, की आजीचं जातं?
- गावात उत्सव कुठला, आणि त्यात हे नुसते ऐकायचे की टाळ घेऊन उभे राहायचे?
- शाळेत, शाखेत, सेवादलात, युनियनमध्ये, भजनी मंडळात कुठे गायचे का?
- लग्नाच्या आसपास कुठला सिनेमा, कुठलं नाटक बघितलं?
- मुलांना झोपवताना काय म्हणायच्या?
- एकटे असताना, दाढी करताना वगैरे, काय गुणगुणायचे?

शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. बहुतेक वेळा त्याचं उत्तर बायकोला किंवा धाकट्या भावालाच माहीत असतं.

दुसरं म्हणजे "मराठी जुनी गाणी" नावाचा एकच गठ्ठा नसतो हे डोक्यात ठेवा. सदाशिव पेठेतल्या घरात भावगीत आणि नाट्यसंगीत निघेल, तेच लालबाग-परळच्या गिरणी कामगाराच्या घरात शाहिरी, पोवाडे आणि गावाकडचं भजन निघेल. आंबेडकरी वस्तीत वाढलेल्या माणसाला वामनदादा कर्डकांची भीमगीतं ऐकवली तर जो फरक दिसतो तो कुठल्याही भावगीताने दिसणार नाही. विदर्भात खंजिरीवरची भजनं, कोकणात डबलबारी आणि शक्ती-तुरा, खानदेशात अहिराणी लग्नगीतं, गोव्यात चवथीच्या घुमट आरत्या, आणि ख्रिश्चन घर असेल तर मांडो नाहीतर चर्चमधली क्वायरची गाणी. मुंबईत राहणाऱ्या कितीतरी लोकांची लहानपणची गाणी कानडी, गुजराती, तेलुगू असतात, पन्नास वर्षं मराठीत संसार केला तरी. माहेरची भाषा विचारायला विसरू नका.

शाळेत न गेलेल्या, घरात रेडिओ नसलेल्या आज्यांच्या बाबतीत लोक म्हणतात "तिला गाण्याची आवड नव्हतीच". अहो, ती पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणत होती, तुम्ही त्याला गाणं मानलं नाहीत एवढंच. पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर महाराष्ट्रातल्या गावागावांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह आहे, एक लाखाच्या वर ओव्या, त्यातल्या बऱ्याच आवाजासकट ऐकायला मिळतात. आजीच्या तालुक्याजवळच्या गावातल्या शोधा, चाल आणि बोली जुळायला हवी.

तपासा: ह्या पायरीच्या शेवटी तुमच्याकडे २५-३० नावं असायला हवीत, आणि प्रत्येकासमोर ते गाणं त्यांच्या आयुष्यात कुठे होतं ते एका ओळीत. नुसतं नाव असेल आणि पुढची ओळ कोरी असेल तर ते गाणं तुमच्या आवडीचं आहे.

४. वगळायची गाणी आधी काढा

काही गाण्यांना दुःख चिकटलेलं असतं. गेलेला मुलगा जे गायचा ते, कोणाच्या तेराव्याला लावलेलं भजन, मोडलेल्या लग्नाच्या काळातलं काहीतरी. हे माणूस आता सांगू शकत नाही, पण गाणं लागलं की दुःख मात्र तसंच्या तसं येतं, कशाचं ते न कळता, आणि ते जास्त वाईट. म्हणून मावशीला हेही स्पष्ट विचारा: "कुठलं गाणं लावू नको?" एक वेगळी यादी करा, त्यावर लाल पेनाने फुली मारून ठेवा. अंत्ययात्रेत हमखास वाजणारी भजनं मी तरी सरसकट बाहेर ठेवीन, कितीही गोड असली तरी.

५. तेच रेकॉर्डिंग शोधा

गाणं बरोबर पण आवाज दुसरा, असं झालं की निम्मी मेहनत वाया. त्यांच्या कानात जे बसलंय ते त्या गायकाच्या आवाजातलं, त्या वाद्यांसकट, त्या सुरुवातीच्या म्युझिकसकट बसलंय. कितीदा तर पहिल्या चार सेकंदांच्या म्युझिकवरच चेहरा बदलतो, शब्द यायच्या आधी. म्हणून रिमिक्स नको, रिअॅलिटी शोमधल्या मुलीने गायलेलं नको, आणि बासरीवर वाजवलेलं तर अजिबात नको, कारण शब्द हाच धागा आहे, तोच काढून टाकला तर धरायचं काय?

एकच अभंग चार गायकांनी वेगवेगळ्या चालीत गायलेला असतो. कुठला ते विचारा. मैफिलीतलं बारा मिनिटांचं रेकॉर्डिंग आणि जुन्या तबकडीवरचं तीन मिनिटांचं असे दोन्ही मिळत असतील तर आधी तीन मिनिटांचं घ्या. लक्ष तेवढंच टिकतं. अर्थात जे आयुष्यभर सवाई गंधर्वला मांडी ठोकून बसले त्यांना तीन मिनिटांत उरकलेलं आवडणार नाही, तिथे उलटं करा.

आणि आता महत्त्वाचं, बरीच गाणी कुठेच रेकॉर्ड झालेली नसतात. तुमच्या गावची आरतीची चाल, घरातली अंगाई, आत्याच्या हळदीतली गाणी. ती मोबाइलवर तुम्हीच रेकॉर्ड करायची. पंखा बंद करा, टीव्ही बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब, आणि आत्याला सांगा की हळू म्हण, दोनदा म्हण. बेसूर असली तरी चालेल. स्टुडिओतल्या चकचकीत आरतीपेक्षा ही जास्त चालते, कारण चाल तीच आणि आवाजही घरातलाच. शब्द पूर्ण हवे असतील तर "आठवणीतली गाणी" ह्या वेबसाइटवर भरपूर मराठी गाण्यांचे शब्द आहेत, मोठ्या टायपात प्रिंट काढून ठेवा, पुढे लागतात.

६. एकेक करून चाचणी

घाई इथे करू नका. दिवसातून एकदा, माणूस जेवलेला, झोप झालेली, लघवीला जाऊन आलेला असताना, एका बैठकीत दोन किंवा तीन गाणी. टीव्ही बंद, कुकर बंद, खोलीत एकच माणूस. गाणं लावायच्या आधी समोर बसून सांगा, "आजी, गाणं लावते हं." मागून अचानक आवाज आला की दचकतात.

मग गाण्याकडे लक्ष न देता त्यांच्याकडे बघा. लोक टाळ्यांची आणि नाचण्याची वाट बघत बसतात, व्हिडिओ काढायला फोन धरून. खऱ्या खुणा बारीक असतात, पायाचा अंगठा हलतो, बोटं चादरीवर ठेका धरतात, ओठ शब्दाच्या अर्धा क्षण आधी हलतात, श्वास संथ होतो, भुवया वर जातात. प्रत्येक गाण्यापुढे वहीत लिहा: चांगलं, काही नाही, नको. "काही नाही" वाल्यांना दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी अजून एक संधी द्या, मग काढा.

रडले तर? लगेच बंद करू नका, आणि "रडू नका हो" असंही म्हणू नका. रडता रडता गुणगुणतायत, तुमचा हात धरलाय, गाणं संपल्यावर मोकळे दिसतायत तर ते गाणं ठेवा. पण मुठी आवळल्यात, तोंड फिरवलंय, गाणं संपलं तरी येरझाऱ्या चालूच आहेत, तर ते लाल यादीत.

तपासा: चाचणीतून १२ ते १५ गाणी उरली म्हणजे काम झालं. कमी वाटतात ना? तीच ती गाणी ऐकून कंटाळा तुम्हाला येतो, त्यांना नाही.

७. कुठल्या वेळी, कुठल्या क्रमाने

आठवडाभर फक्त लिहा की दिवसात कधी बिनसतं. पुष्कळ घरांत ती वेळ दिवेलागणीची असते, पिशवी भरायला घेतात, "मला घरी सोडा" म्हणतात, घरातच असताना. दुसरी वेळ आंघोळीची. गाणं बिनसायच्या अर्धा तास आधी लावायचं. एकदा आरडाओरडा सुरू झाला की गाणं म्हणजे अजून एक गोंगाट.

क्रमाबद्दल म्युझिक थेरपीवाल्यांचा एक जुना नियम आहे आणि तो घरातही लागू पडतो: माणूस ज्या मूडमध्ये आहे तिथून सुरू करा आणि हळूहळू हव्या त्या मूडकडे न्या. अस्वस्थ, फेऱ्या मारणाऱ्या माणसाला एकदम संथ अंगाई लावली तर ती त्याला टोचते. आधी ठेक्याचं, टाळ-मृदंगाचं भजन किंवा ठसक्याचं गाणं, मग मधल्या लयीची दोन, शेवटी संथ. उलट, दिवसभर मलूल पडून असतील आणि जेवायला उठवायचं असेल तर संथपासून ठेक्याकडे. एकूण १५ ते २० मिनिटं. मग शांतता. शांतताही लागते त्यांना.

सावध: भूपाळी संध्याकाळी लावू नका. अशा माणसाला गाणं हेच घड्याळ असतं. पाच वाजता भूपाळी लागली की सकाळ झाली समजून चहा, आंघोळ, ऑफिसचा डबा सगळं सुरू होतं, आणि मग रात्रीची झोप गेलीच. सकाळची सकाळी, सांजवातीची सांजेला. हेच बरोबर वापरलं तर फायदाही होतो, रोज जेवणाआधी तेच एक गाणं लावलं तर काही दिवसांनी गाणं लागलं की आपोआप टेबलाकडे वळतात.

८. वाजवायचं कशावर

यूट्यूबवरून थेट लावू नका. मधेच जाहिरात किंचाळते, आजोबा दचकतात, आणि गाणं संपलं की पुढचं काय लागेल ते तुमच्या हातात नसतं. घरातला जुना फोन घ्या, गाणी त्यात डाउनलोड करा, फ्लाइट मोडवर टाका म्हणजे मधे रिंग वाजणार नाही, आणि छोट्या स्पीकरला जोडा. पेनड्राइव्हवाला स्पीकर असेल तर अजून सोपं. तीन फोल्डर पुरतात: सकाळ, आंघोळ-जेवण, संध्याकाळ. नावं मराठीतच द्या, कारण दुपारी ब्यूरोच्या (पेशंट सांभाळायला पगारावर येणाऱ्या) मावशी असतात आणि लावायचं त्यांनाच असतं.

९. शेजारी बसायचं कसं

अख्खं घर इथे एकच चूक करतं. गाणं लागलं रे लागलं की "ओळखा पाहू कोणी गायलंय? सिनेमा कुठला? हिरो कोण होता?" परीक्षा घेऊ नका हो! गाणं ही एकच जागा उरलीय जिथे त्यांना काही आठवावं लागत नाही, ते आपोआप येतं. तिथेही तोंडी परीक्षा सुरू केली तर तीही जागा गेली.

त्याऐवजी ओळीचा पहिला भाग तुम्ही म्हणा आणि थांबा. चार-पाच सेकंद खरंच थांबा, लोक एका सेकंदात स्वतःच पूर्ण करतात. आली ओळ तर छान, नाही आली तर तुम्ही पुढे म्हणा जसं काही झालंच नाही. शब्द चुकले, दोन आरत्या एकमेकींत मिसळल्या, चालू द्या. टाळ वाजवणारे असतील तर हातात टाळ द्या, पोळपाटावर ठेका धरणाऱ्या असतील तर पोळपाट द्या. त्या वेळी काही बोलले, अगदी असंबद्ध का असेना, तर गाण्याचा आवाज कमी करून ऐका. दुरुस्त करू नका.

१०. यादी जिवंत ठेवा

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा चाचणी करा. आजार पुढे सरकला की शब्दबंबाळ गाणी गळतात, लहानपणची, ध्रुवपद सारखं सारखं येणारी टिकतात. अगदी शेवटच्या टप्प्यात स्पीकरही बाजूला ठेवा आणि तुम्हीच हळू आवाजात गुणगुणा, हात हातात घेऊन. गाता येत नाही ही सबब इथे चालत नाही.

मग एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काढा: कुठली गाणी कुठल्या वेळी, आवाज कितीवर, लाल यादीत काय, काय झालं तर बंद करायचं. एक प्रत कपाटाच्या दारावर, एक ब्यूरोच्या मावशींकडे, आणि एक रिपोर्टांच्या फाइलमध्ये पेनड्राइव्हसकट. हॉस्पिटलात अॅडमिट करायची वेळ आली की अनोळखी खोलीत पहिल्या रात्री हे लोक सगळ्यात जास्त भेदरतात, आणि नेमकं तेव्हा घरचा माणूस फॉर्म भरत खाली काउंटरवर उभा असतो. फाइलमध्ये कागद असेल तर वॉर्डातल्या सिस्टरलाही दाखवता येतो.